फॉरमॅट मारण्याआधी बायोसमध्ये थांबवून बघा
पीसी सारखा आपोआप रिस्टार्ट होतो या प्रश्नावर इथे एकाने लिहिलंय, 'लोगो येतो आणि रिस्टार्ट होतो, म्हणजे विंडोज गेलं, फॉरमॅट मारा'; ते मला पटत नाही. आधी चालू करतानाच डिलीट (काही मदरबोर्डांवर एफ २) दाबून बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगच्या स्क्रीनवर) जा आणि पीसी दहा-पंधरा मिनिटं तसाच सोडून द्या. तिथेही रिस्टार्ट झाला तर बिचाऱ्या विंडोजचा काही संबंध नाही, कारण ते अजून सुरूच झालेलं नसतं.

माझ्या पीसीलाही हाच त्रास होता. आमचं घर सांगलीत मार्केट यार्डाजवळ, त्यामुळे कॅबिनेट उघडलं की आत हळदीचा पिवळा थर ठरलेला. रिपेअरवाल्याने दोनदा फॉरमॅट मारून पैसे घेतले, रिस्टार्ट काही थांबेना. शेवटी मीच रॅम काढून खोडरबराने पट्ट्या घासल्या, तरी तेच. मग मल्टिमीटर लावला तर एसएमपीएसच्या (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) पिवळ्या वायरवर १२ च्या जागी चालू होताना १०.९ व्होल्ट! ११.४ च्या खाली जाता कामा नये. एसएमपीएस बदलला, तेव्हापासून गप आहे.

बायोसमध्ये तेवढा वेळ टिकला, तर मात्र ऑटोमॅटिक रिस्टार्ट बंद करा (विंडोज ७ पर्यंत एफ ८ वाल्या मेनूतून, नंतरच्या विंडोजमध्ये रिकव्हरीतल्या स्टार्टअप सेटिंग्जमधून), म्हणजे विंडोजची एरर स्क्रीन थांबून राहील, आणि तिच्यावरचा कोड इथे टाका.