बारवेतील गाळ काढला, आता टाकायचा कुठे?

प्रश्न: आम्ही वीसेक जण दर रविवारी गावातील जुनी बारव श्रमदानाने साफ करतो. आतापर्यंत ११ पायऱ्या मोकळ्या झाल्या. परंतु गाळ काठावरच पडून असल्याने पहिल्या वळवाच्या पावसात तो पुन्हा आत जाईल. नगरपरिषदेकडे ट्रॅक्टर मागितला, तर ‘अर्ज ठेवून जा’ एवढेच उत्तर मिळाले. काय करावे?

उत्तर १: अर्ज मुख्याधिकाऱ्यांच्या नावे द्यावा, कारण १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमानुसार प्रशासनाची सूत्रे त्यांच्याकडे असतात, आणि आवक विभागाच्या शिक्क्याची पोच हातात पडल्याशिवाय खिडकीवरून हलू नये. तोंडी आश्वासनांवर आमची दोन वर्षे गेली.

उत्तर २: त्याआधी बारव संरक्षित स्मारक आहे का, हे पुरातत्त्व विभागाकडे विचारून घ्यावे, असल्यास परवानगीवाचून दगडही हलवू नये. निखळलेले चिरे सिमेंटने बसवण्याचा उत्साह तर मुळीच नको.

उत्तर ३: ट्रॅक्टरची वाट कशाला पाहता? प्लास्टिक आणि काच वेचून काढली, तर जवळचे शेतकरी गाळ स्वखर्चाने नेतील. (आमच्याकडे उलट भांडणे लागली होती!)

प्रश्नकर्ता: काचा पुष्कळ आहेत, येत्या रविवारी चाळण्या घेऊन बसतो. पोच आजच घेतली.