हान काळातल्या हिरव्या रांजणावरची 'चांदी': ठेवावी की काढावी?

मातीकाम
चीनच्या हान राजवटीतला (इ.स.पू. २०६ ते इ.स. २२०) 'हू' घाटाचा रांजण. पोट फुगीर, मान उंच, खांद्यावर तोंडात कडी धरलेला पशूचा मुखवटा. कडी मात्र हलत नाही, मातीतच उठवलेली! सगळा थाट काशाच्या भांड्याचा. झिलई (भट्टीत वितळून बसलेला काचेसारखा थर) शिशाची, हिरवा रंग तांब्याचा. पण संग्रहालयात पाहावं तर अर्ध्या अंगावर चंदेरी पापुद्रा. माझं स्पष्ट मत: हा मळ काढा. कुंभाराने हिरवा रांजण केला होता, आपण भलताच बघतोय.

भट्टीवाला
मळ कसला? ती झिलईच आहे. ओल्या जमिनीत शेकडो वर्षं राहून वरचा भाग झिजला, त्याचे पातळ थर झाले. उजेड पडला की साबणाच्या फुग्यासारखे रंग खेळतात. तुम्ही घासाल, तर मूळ कामच खरवडून काढाल.

मातीकाम
बरं, सगळा नको. तळाशी बोटभर जागा तरी मोकळी करा.

भट्टीवाला
बोटभर का होईना, गेलं ते परत येतं का? हिरवा पाहायचाय तर शेजारी नवा रांजण भाजून ठेवा. शिशाची झिलई हजार अंशांच्या आतच वितळते.

जुनाबाजार
या चांदीला भुलून पैसे घालवणारे खूप पाहिलेत. ती नकलेवरही चढवता येते. मी आधी तोंडाची कड बघतो. पुष्कळ रांजण भट्टीत उपडे ठेवत, त्यामुळे झिलईचे थेंब तोंडाकडे ओघळून थिजलेले सापडतात. अर्थात तेवढ्यावर खात्री देणार नाही.

बरणीवाली
मला एकच सांगा, यात लोणचं घालता येईल?

भट्टीवाला
मुळीच नको, ताई! आंबटात शिसं उतरतं. हे थडग्यात ठेवायला केलेले. सोबत मातीची कोठारं, विहिरी, चुली, डुकरांचे गोठेसुद्धा. म्हणून तर म्हणतो, थडगं बंद झाल्यावर तो हिरवा बघायला होतं कोण?

मातीकाम
बंद व्हायच्या आधी घरच्यांनी पाहिलाच असेल ना? त्यांच्यासाठीच तर एवढा हिरवागार केला होता.