'पॉझिटिव्ह राहा' : पहिली ओळ ठेवायची का?

ए-२०२ (सेक्रेटरी): साथ आली तर सोसायटीने काय करायचं, त्याचा मसुदा रविवारच्या मीटिंगला ठेवतेय. पहिली ओळ : 'घाबरू नका, पॉझिटिव्ह राहा.' कोणाची हरकत?

सी-३०४ (समुपदेशक): वहिनी, माझी आहे. आजाऱ्याला असं बजावलं की त्याची भीती तशीच राहते, वर ती बोलून दाखवायची चोरी होते. धाप लागली तरी 'बरा आहे' म्हणतो. गाब्रिएले एटिंगन आणि थॉमस वॅडन या मानसशास्त्रज्ञांचा वजन कमी करणाऱ्या बायकांवरचा १९९१ चा अभ्यास आहे. 'मला जमेल' असा भरवसा असलेल्यांचं वजन जास्त उतरलं. सडपातळ झाल्याची गोड चित्रं रंगवणाऱ्यांचं मात्र कमी. मनाला काम झाल्यासारखंच वाटतं आणि धडपड ढिली पडते. म्हणून ओळी जर-तरच्या लिहा. अमुक झालं तर तमुक करा. काय करायचं ते हातात असलं की धीर आपोआप येतो.

ए-००१: कोरोनात ५ एप्रिल २०२० ला रात्री ९ वाजता सगळ्यांनी ९ मिनिटं दिवे लावले, तेव्हा बरं वाटलंच ना?

सी-३०४: वाटलं काका, आणि ते खरंच होतं. आपण एकटे नाही हे दिसलं. पण २२ मार्चला ज्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या, त्याच डॉक्टर-नर्सना देशात किती ठिकाणी घरमालकांनी खोल्या सोडायला सांगितल्या! शेवटी २२ एप्रिलला वटहुकूम काढून त्यांच्यावरचा हल्ला अजामीनपात्र करावा लागला.

बी-१०१ (डॉक्टर): जर-तरमध्ये ऑक्सिमीटर नीट लिहा. लोक जिना चढून आल्या आल्या बोट घालतात, ९१ बघून घर डोक्यावर घेतात. आधी ५ मिनिटं बसायचं. नेलपॉलिश काढायचं, गार बोट चोळून गरम करायचं, हात छातीशी स्थिर धरायचा. आकडा मिनिटभर ठरू द्यायचा, कमी आला तर दुसऱ्या बोटावर बघायचं. ९४ च्या खाली डॉक्टरला फोन. ९० च्या खाली, ओठ निळे, किंवा बोलताना वाक्य तुटत असेल तर थेट १०८. फुप्फुसाचा जुना आजार असलेल्यांनी आपला नेहमीचा आकडा आत्ताच लिहून ठेवा.

ए-२०२: आणि आजाऱ्याच्या दारावर लाल स्टिकर?

बी-४०३ (वकील): काढून टाका. ९ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय : आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली सक्षम अधिकाऱ्याचा आदेश नसेल तर घराबाहेर असं पोस्टर लावायचं नाही. आणि लाज वाटली की माणसं आजार लपवतात. १८९७ मध्ये पुण्यात गोऱ्या सोजिरांनी घरोघर झडत्या घेतल्या, तेव्हा लोकांनी प्लेगचे रोगी माळ्यावर, कोठीत दडवले.

सी-३०४: त्यापेक्षा प्रत्येक घराला एक जोडीदार घर नेमा. आजाऱ्याच्या कडीला कापडी पिशवी. पोदेराचे (पाववाल्याचे) पाव, दूध, गोळ्या त्यात ठेवायच्या, बेल वाजवून मागे सरायचं. सकाळ-संध्याकाळ एक फोन. 'कसं वाटतंय' विचारलं की 'बरं' एवढंच येतं. ताप किती, आकडा किती, पेज पोटात गेली का, लघवी शेवटची कधी झाली, असं विचारा. लघवी कमी म्हणजे पाणी कमी पडतंय.

ए-००१: आणि रात्री जीव घाबरा झाला तर?

सी-३०४: आधी ऑक्सिजन बघा. तो ठीक असेल तर ४ मोजत श्वास आत, ६ मोजत बाहेर, ५ मिनिटं. चक्कर आली तर मोजणी सोडून साधा श्वास. बोलायला कोणी हवं असेल तर टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, फुकट, चोवीस तास.

ए-२०२: पहिली ओळ बदलली : 'ताप आला तर त्याच दिवशी जोडीदार घराला फोन करा. नाव ग्रुपवर टाकू नका.'

ए-००१: जोड्या लावताना ए विंगच्या तळमजल्याला वरची घरं द्या. खाली सगळी म्हातारी माणसंच आहेत.