ब्रिटनचा 'लेव्हल ५ डिप्लोमा' म्हणजे नेमकं काय? (मुलगी बारावी सायन्स, गोवा बोर्ड)

डिचोलीकर_बाबा

नमस्कार मंडळी. मुलगी यंदा गोवा बोर्डाची बारावी झाली. सायन्स, बायोलॉजी घेऊन ७१ टक्के. नर्सिंगच करायचं हे तिचं नववीपासून ठरलेलं. माझी बहीण इंग्लंडमध्ये स्विंडनला असते. भावोजी पोर्तुगीज पासपोर्टवर गेले आणि तिथलेच झाले. बहीण म्हणते, पोरीला पाठव, माझ्याकडे राहील, जेवणाखाणाची काळजी नको.

म्हणून पणजीत एका एजंटाला भेटून आलो. त्याने लंडनच्या एका खाजगी कॉलेजचा 'लेव्हल ५ डिप्लोमा इन हेल्थ अँड सोशल केअर मॅनेजमेंट' सुचवलाय. फी ८,००० पौंड. म्हणाला, "लेव्हल ५ म्हणजे डिग्रीची दोन वर्षं झाल्यातच जमा, वर एक वर्ष केलं की नर्स." शुक्रवारपर्यंत पाच लाख भरले नाहीत तर सीट जाईल म्हणे.

बहिणीच्या मुलांनी तिकडे जीसीएसई, बीटेक असं काय काय केलंय, पण तिला विचारलं तर ती म्हणते, "मला काय माहीत रे, पोरंच फॉर्म भरतात." आपल्याकडे दहावी, बारावी, बीएस्सी, एमएस्सी असा सरळ जिना. तिकडचा जिना कसा आहे, कोणी समजावेल का?

आणखी एक. माझे वडील १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले. मी आता पोर्तुगीज पासपोर्ट केला तर मुलीला तिथल्या मुलांची फी लागू होईल, असंही एजंट म्हणतो. खरं का?

फोंड्याची_बाय

बाब, शुक्रवारी एक पैसा भरू नका.

मी फोंड्याची. इंग्लंडमधल्या एका फर्दर एज्युकेशन (शाळेनंतरच्या) कॉलेजच्या प्रवेश विभागात बरीच वर्षं काढून आता घरी परतलेय. परदेशातल्या मार्कशीटा तपासणं हेच माझं काम होतं, त्यामुळे असल्या एजंटांच्या ईमेलीही भरपूर वाचल्यात.

तुमचा जिना तिकडेही आहे. पायऱ्यांना नुसते नंबर दिलेत. इंग्लंडमध्ये सोळाव्या वर्षी जीसीएसई ही शाळेची परीक्षा होते. ४ किंवा त्यावरची ग्रेड आली तर ती लेव्हल २. त्यानंतर अठरापर्यंत शिक्षण किंवा काही ना काही प्रशिक्षण सक्तीचं. कोणी ए लेव्हलचे तीन विषय घेतो, कोणी बीटेक (आपली इंजिनीअरिंगची बी.टेक. नव्हे, व्यवसायाकडे झुकलेला कोर्स), कोणी २०२० साली सुरू झालेली तांत्रिक शिक्षणाची टी लेव्हल. हे सगळं लेव्हल ३. तिथून पुढे एचएनसी (हायर नॅशनल सर्टिफिकेट) ४, एचएनडी (हायर नॅशनल डिप्लोमा) आणि फाउंडेशन डिग्री ५, ऑनर्स डिग्री ६, मास्टर्स ७, पीएचडी ८. आपली बारावी पुष्कळ युनिव्हर्सिट्या लेव्हल ३ च्या जागी धरतात. टक्के किती हवेत ते ज्याचं त्याचं वेगळं, आणि स्टेट बोर्डाला कधी कधी सीबीएसईपेक्षा थोडे जास्त मागतात. म्हणजे मुलीला ए लेव्हल वगैरे परत करायची गरज नाही, कोणी कितीही सांगितलं तरी.

आता एजंटाची मेख. लेव्हल म्हणजे अभ्यास किती अवघड, एवढंच. तो किती मोठा आहे हे लेव्हलवरून कळत नाही. इंग्लंडच्या चौकटीत ३७० तास किंवा त्याहून मोठा अभ्यासक्रम असला की त्याला डिप्लोमा म्हणता येतं. एक क्रेडिट म्हणजे साधारण १० तास, तेव्हा ४० क्रेडिटचा डिप्लोमाही लेव्हल ५ असू शकतो आणि २४० क्रेडिटची एचएनडीसुद्धा लेव्हल ५ च. डिग्रीची दोन वर्षं म्हणजे २४० क्रेडिट, आणि पूर्ण ऑनर्स डिग्री ३६०. एजंटाने तुम्हाला पायरीचा नंबर दाखवला, क्रेडिट दाखवले नाहीत. त्याला विचारा, आणि लेखी विचारा: एकूण क्रेडिट किती, सर्टिफिकेट कोण देणार, आणि वरचं 'एक वर्ष' कुठल्या युनिव्हर्सिटीत, तिचं पत्र आहे का. डिग्री द्यायचा अधिकार तिथे कायद्याने ठरावीक संस्थांनाच असतो. बाकीची कॉलेजं दुसऱ्या युनिव्हर्सिटीच्या नावाने शिकवतात. त्यात गैर काही नाही, पण ती युनिव्हर्सिटी कुठली हे ज्याला सांगता येत नाही त्याच्या दारात उभं राहू नये. इंग्लंडसाठी ऑफिस फॉर स्टुडंट्सचं रजिस्टर आणि व्हिसासाठी होम ऑफिसची स्पॉन्सर यादी (परदेशी विद्यार्थी घ्यायची परवानगी असलेल्या संस्थांची), दोन्ही फुकट आणि उघडी आहेत. डिचोलीत बसून बघता येतात.

पण तुमच्या बाबतीत हे सगळं जरा लांबचं झालं. मुद्दा नर्सिंगचा आहे. ब्रिटनमध्ये नर्स म्हणवून घ्यायचं तर नर्सिंग अँड मिडवायफरी काउन्सिलच्या रजिस्टरवर नाव लागतं, आणि ते लागतं काउन्सिलने मान्य केलेला कोर्स केल्यावर. तो साधारण तीन वर्षांचा, ४,६०० तासांचा. त्यातले निम्मे तास हॉस्पिटलात, वस्तीवर, प्रत्यक्ष पेशंटांपाशी. २०१३ पासून इंग्लंडमध्ये नर्स व्हायला डिग्रीच लागते. हेल्थ अँड सोशल केअर मॅनेजमेंट हा वृद्धाश्रम, केअर होम चालवणाऱ्यांचा अभ्यास. चांगला असेलही, पण त्यावर एक काय चार वर्षं चढवली तरी नर्स होत नाही. मान्य कोर्सेसची यादी काउन्सिलच्या साइटवर आहे. त्यात नाव नसेल तर विषय संपला.

शिवाय डिग्रीखालच्या कोर्सला स्टुडंट व्हिसावर आठवड्याला जास्तीत जास्त १० तास काम. डिग्रीवाल्यांना २०. आणि शिक्षण झाल्यावर काही काळ थांबून नोकरी शोधायला मिळते तो ग्रॅज्युएट व्हिसा डिप्लोमावर नाहीच.

पोर्तुगीज पासपोर्टचं एजंटाने सरळ खोटं सांगितलंय. तुमच्या भावोजींच्या वेळी तो पासपोर्ट चालत होता, कारण ब्रिटन युरोपियन युनियनच्या व्यवस्थेत होतं. ३१ डिसेंबर २०२० ला ते दार बंद झालं. त्याआधी तिथे राहायला लागलेल्यांना आणि त्यांच्या जवळच्या कुटुंबाला सेटलमेंट स्कीमखाली हक्क मिळाले. तुमचं कुटुंब डिचोलीत होतं. आज पासपोर्ट केला तरी मुलगी आंतरराष्ट्रीय विद्यार्थिनीच. आत्या तिथे असल्याने राहायचा खर्च वाचेल, फी नाही. तिथल्या मुलांच्या फीला सरकारी मर्यादा आहे, इंग्लंडमध्ये २०२५-२६ साठी वर्षाला ९,५३५ पौंड. बाहेरच्यांच्या फीला मर्यादाच नाही. नर्सिंगला १५,००० पौंडांच्या वर सहज जाते, त्यावर व्हिसासोबत भरायचा प्रत्येक वर्षाचा ७७६ पौंड हेल्थ सरचार्ज. आणि पासपोर्ट केल्यावर भारताचं नागरिकत्व जातं, हे एजंटाने सांगितलं का?

माझं मत विचाराल तर बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) आवारात नर्सिंग इन्स्टिट्यूट आहे. तिथे किंवा आपल्याकडच्या दुसऱ्या मान्यताप्राप्त कॉलेजात चार वर्षांचं बीएस्सी नर्सिंग करू द्या. मग तिकडे नर्स म्हणूनच जाता येतं, पगारावर.

स्विंडन_साखळी

बाय बरोबर सांगतात. मी मूळ साखळीचा, आईवडिलांबरोबर शाळेत असताना इकडे आलो. जीसीएसईला गणितात ३ आली. ४ च्या खाली आली की अठरापर्यंत कॉलेजात गणित चालूच ठेवावं लागतं, सुटका नाही. मी इंजिनीअरिंगमधलं लेव्हल ३ बीटेक करत होतो आणि बाजूला हे गणित. बीटेक ऐकून साखळीच्या मावशीने वाड्यावर पेढे वाटले, पोरगा इंजिनीअर झाला म्हणून. म्हटलं मावशे, ही इकडची बारावी गो! आता मात्र खरोखर डिग्री अप्रेंटिसशिप करतोय. कंपनीत नोकरी, पगार चालू, आणि कामाच्याच वेळातून काही दिवस युनिव्हर्सिटी. फी मला एक पेनीही नाही, कंपनी आणि सरकार बघून घेतं.

पण अंकल, हे तुमच्या मुलीला लागू नाही. स्टुडंट व्हिसावर अप्रेंटिसशिप मिळत नाही. लोनचंही तसंच. माझ्या बहिणीकडे सेटल्ड स्टेटस (इथे कायम राहायचा हक्क) आणि इथली तीन वर्षांची राहणूक आहे म्हणून तिला सरकारी लोन मिळालं. २५,००० पौंडांच्या वर जेवढं कमावेल त्याच्या ९ टक्के कापणार, आणि ४० वर्षांनी उरलेलं माफ. इकडच्या गोंयकारांच्या गप्पांतून अशा गोष्टी गावात पोचतात आणि सगळ्यांना वाटतं आपल्यालाही मिळेल. तुमच्या बहिणीची मुलंही माझ्यासारखीच आलेली असणार. त्यांचा रस्ता वेगळा.

मडगाव_ते_ग्लासगो

एक भर घालते, कारण बायनी सांगितलेले नंबर इंग्लंड, वेल्स आणि नॉर्दर्न आयर्लंडचे. मी स्कॉटलंडला शिकते. इथे पायऱ्या बारा. मुलं शाळेत हायर आणि ॲडव्हान्स्ड हायर करतात, ऑनर्स डिग्री चार वर्षांची, आणि तिचा नंबर १०. स्कॉटलंडची लेव्हल ७ म्हणजे डिग्रीचं पहिलं वर्ष, इंग्लंडची लेव्हल ७ म्हणजे मास्टर्स! जाहिरातीत नुसतं 'लेव्हल ७' दिसलं तर आधी देश विचारा. स्कॉटलंडमध्ये शिक्षण फुकट म्हणतात तेही इथल्या रहिवाशांना. माझ्या बाबांना विचारा फुकट किती ते.

मार्कांचंही जाता जाता सांगते. पहिल्या सेमिस्टरला ६४ पडले तर आई फोनवर गप्पच झाली. तिला वाटलं मी फिरायला गेले. बहुतेक ब्रिटिश युनिव्हर्सिट्यांत ७० च्या वर फर्स्ट क्लास, ६० ते ६९ म्हणजे टू-वन (वरचा सेकंड क्लास), आणि पुष्कळ नोकऱ्या आणि मास्टर्सचे प्रवेश टू-वनच मागतात. ४० ला पास. नव्वदच्या घरात कोणी दिसतच नाही.

वाळपई_नर्स

मी इकडे ब्रिटनमध्ये एका हॉस्पिटलात वॉर्डवर आहे, बीएस्सी नर्सिंग भारतातलं. फोंड्याच्या बायंना एक छोटी दुरुस्ती. लेव्हल ५ वर काउन्सिलच्या रजिस्टरला लागणारं एक पद आहे, नर्सिंग असोसिएट. इंग्लंडमध्ये जानेवारी २०१९ पासून. केअर असिस्टंट आणि नर्स यांच्या मधलं. पण त्यासाठीही मान्य फाउंडेशन डिग्री लागते, आणि माझ्या वॉर्डवरच्या सगळ्या नोकरी करताकरता अप्रेंटिसशिपने झाल्यात. एजंट उद्या हे नाव पुढे करेल, म्हणून आधीच सांगून ठेवते. तुम्ही म्हणता त्या डिप्लोमाशी त्याचा संबंध नाही.

डिप्लोमा करून केअरर म्हणून काम करणाऱ्या आपल्याकडच्या मुली मला इथे भेटतात. हुशार असतात. रात्रपाळीला पेशंटला कूस बदलून देताना विचारतात, "ताई, तुमच्यासारखं व्हायला आता काय करू?" त्यांना सांगावं लागतं की पहिल्या वर्षापासून. मला ते सांगायला फार जड जातं.

फोंड्याची_बाय

दुरुस्ती मान्य. नर्सिंग असोसिएट लिहायचं राहिलं.

बाब, तरीही तिकडचीच डिग्री हवी असेल तर रस्ता एजंटाच्या ऑफिसातून जात नाही. यूकास नावाची एकच मध्यवर्ती साइट आहे. एका फॉर्मवर पाच पर्याय. मेडिसिनचे आणि ऑक्सफर्ड-केंब्रिजचे अर्ज १५ ऑक्टोबरपर्यंत, बाकी बहुतेकांचे जानेवारीपर्यंत. मिळणारी ऑफर बहुधा अटीची असते, एवढे टक्के, इंग्रजीच्या आयल्ट्स परीक्षेत एवढा स्कोर. नर्सिंगला वर मुलाखत. उरलेल्या जागा उन्हाळ्यात क्लिअरिंगमधून भरतात. म्हणजे 'या शुक्रवारी सीट जाईल' असं म्हणणारा माणूस विकतोय काहीतरी, प्रवेश देत नाहीय.

डिचोलीकर_बाबा

सगळ्यांना देव बरें करूं. काल एजंटाला फोन केला. क्रेडिट किती विचारलं तर म्हणाला, "अंकल, तुम्ही इतक्या खोलात कशाला जाता?" काउन्सिलच्या यादीत नाव आहे का विचारलं तर ब्रोशरचा फोटो पाठवला, त्यात थेम्स नदी आणि एक पूल. पैसे भरत नाही.

बहीण रुसलीय. मुलगी मात्र बांबोळीची माहिती काढायला लागलीसुद्धा. वाळपईच्या ताई, तिचा एक प्रश्न: इकडचं बीएस्सी झाल्यावर तिकडे रजिस्टर व्हायला परत तीन वर्षं शिकावं लागतं का?

वाळपई_नर्स

नाही बाब, परत शिकावं लागत नाही. दोन परीक्षा. पहिली कॉम्प्युटरवरची, सीबीटी, ती भारतात बसून देता येते. दुसरी ओएससीई, प्रात्यक्षिक, ती इकडे येऊनच. शिवाय इंग्रजीचं आयल्ट्स किंवा ओईटी, म्हणजे आरोग्यक्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजीची परीक्षा. ओईटी आपल्याच कामाच्या भाषेत असते, मला ती सोपी गेली. इकडचे मालक अनुभव बघतात, म्हणून डिग्रीनंतर गोमेकॉत किंवा कुठेही वॉर्डवर काम केलेलं फायद्याचं. आणि भारतातलं नर्सिंग काउन्सिलचं रजिस्ट्रेशन नूतनीकरण करून ठेवायला सांगा तिला. इकडचे लोक तोच कागद आधी मागतात.