लाईव्ह जॅझ जॅमचं रेकॉर्डिंग: कशावर करू, आणि टाकू कुठे?

रविवारचा_श्रोता:

नमस्कार मंडळी, पहिलाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या. मला स्वतःला काही वाजवता येत नाही, शाळेत असताना पेटीचा क्लास लावला होता तो दोन महिन्यांत सुटला, विषय संपला. पण इथे पुण्यात एका कॅफेत महिन्यातून दोनदा रविवारी जॅझ जॅम (जमेल ते आयत्या वेळी एकत्र वाजवणं) होतो, तिथे गेलं वर्षभर न चुकता जातोय. सॅक्स, गिटार, ड्रम्स, डबल बास (इलेक्ट्रिक नव्हे, तो माणसाएवढा लाकडी, तो कॅफेपर्यंत आणतात कसा हा वेगळाच धागा होईल) आणि कीबोर्डवर त्या दिवशी जो येईल तो. चाळीसेक माणसं कशीबशी मावतात.

तर झालं काय, मागच्या खेपेला एक संथ गाणं चालू होतं, सॅक्सवाला वाजवता वाजवता मध्येच थांबला, का ते त्यालाच माहीत, मग गिटारवालाही थांबला आणि बासवाला एकटाच दोन-तीन मिनिटं वाजवत राहिला, ड्रमर मागे काठ्यांऐवजी तारांचे ब्रश ड्रमवर नुसते फिरवतोय. वेटरसुद्धा ट्रे घेऊन जागच्या जागी उभा. मी फोनवर रेकॉर्ड केलं होतं, घरी येऊन हेडफोन लावून ऐकतो तर बास जवळजवळ नाहीच! शेजारच्या टेबलवरचे काका "इथला गार्लिक ब्रेड चांगला असतो" म्हणतायत ते मात्र लख्ख. आणि शेवटी टाळ्या पडल्या की सगळा आवाज एकदम बसतो आणि हळूहळू परत वर येतो.

वेगळा रेकॉर्डर घ्यावा का? बजेट पंधरा हजारांच्या आत. ठेवायचा कुठे? साउंड मिक्सरवरून (माइकचे आणि वाद्यांचे आवाज एकत्र करणारं यंत्र) थेट लाईन मिळते म्हणतात, तेवढी घेतली की काम भागतं का? आणि नीट रेकॉर्ड झालंच तर यूट्यूबवर टाकू का? ह्या लोकांचं नेटवर काहीच नाहीये, इन्स्टावरचे तीस-तीस सेकंदांचे तुकडे सोडले तर, आणि तीस सेकंदांत जॅझ म्हणजे सोलो सुरू व्हायच्या आत संपलं.

केबल_गुंडाळणारा:

आवाज बसतो आणि वर येतो तो फोनचा ऑटो गेन, म्हणजे आवाजाची पातळी आपोआप कमी-जास्त करणं. फोनला वाटतं तू कुणाशी तरी बोलतोयस, त्यामुळे मोठा आवाज आला की तो दाबतो आणि शांत झालं की वर ओढतो. बासचंही तेच, डबल बासची जाड तार ४१ हर्ट्झच्या आसपास असते आणि फोनचं गणित माणसाच्या बोलण्यावर बसवलेलं, खालचं सगळं त्याला घरघर वाटते म्हणून कापून टाकतो.

छोटा हातातला स्टिरिओ रेकॉर्डर घे, झूम किंवा टॅस्कॅम कंपनीचा, एकदम वरचं मॉडेल लागत नाही. ३२ बिट फ्लोटवाला बजेटमध्ये बसला तर उत्तम, त्यात लेव्हल चुकली तरी नंतर सावरता येते (माइकच गुदमरला तर मात्र काही करता येत नाही). नाही बसला तर २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, ऑटो लेव्हल बंद, लो कट (खालचे आवाज कापणारं बटण) बंद, आणि ड्रमर सगळ्यात जोरात वाजवेल तेव्हा मीटर उणे १२ डेसिबलच्या जवळपास राहील असं ठेव. जॅममध्ये साउंडचेकला वाजवतात त्यापेक्षा तिसऱ्या गाण्याला नेहमी जास्त जोरात वाजवतात, हे लिहून ठेव. कार्ड पुरेल ना अशी भीती नको, ह्या सेटिंगला तासाला साधारण एक जीबी जातो.

टेबलवर ठेवू नकोस रे बाबा. टेबलवर ठेवलास की ग्लास, चमचे, खुर्च्या, कुणाचं पाय हलवणं सगळं त्यात. माइक स्टँड घे आणि डोक्यांच्या वर, साधारण दोन-सव्वादोन मीटरवर, बँडपासून तीन-चार पावलांवर. अर्धं गाणं त्या जागी स्वतः उभा राहून ऐक. तिथे बास ऐकू येत नसेल तर रेकॉर्डरलाही येणार नाही, त्याला काही तुझ्यापेक्षा चांगले कान नाहीत.

मिक्सरच्या लाईनचा घोळ असा की छोट्या जागेत ड्रम्स आणि सॅक्स मिक्सरमध्ये नसतातच, त्यांना माइक लागतच नाही. मिक्सरवरून तुला येणार कीबोर्ड, थोडा बास आणि मध्ये कुणी निवेदन केलं तर ते. ऐकशील तर वाटेल ड्रमर सुट्टीवर आहे. म्हणून लाईन मिळाली तर ती जोडीला घे, मुख्य माइक खोलीचाच. नंतर दोन्ही जुळवताना ध्यानात ठेव, लाईनमधला आवाज लगेच येतो आणि हवेतून पाच मीटर यायला त्याला १५ मिलिसेकंद लागतात, तुझ्या अंतराच्या हिशोबाने तेवढी लाईन मागे सरकव नाहीतर बास पोकळ वाटेल.

जुनी_कॅसेट:

वरचा प्रतिसाद उत्तम आहे, मी यंत्राबद्दल बोलणार नाही. फक्त एक सांगते, बटण सुरुवातीलाच दाबायचं आणि शेवटपर्यंत हात लावायचा नाही. डीन बेनेडेट्टी म्हणून एक सॅक्सवाला होता, चार्ली पार्कर ह्या अमेरिकन जॅझ सॅक्सवादकाच्या मागे वेडा झालेला. त्याने १९४७-४८ मध्ये क्लबांमध्ये यंत्र नेऊन पार्करला रेकॉर्ड केलं, पण पार्करचा सोलो संपला की यंत्र बंद! बाकीचे काय वाजवत होते त्याच्याशी याला देणंघेणं नाही. ते सगळं १९९० मध्ये प्रसिद्ध झालं तेव्हा लोकांना मिळाले ते तुकडे. पार्कर आहे, पण तो कशाला उत्तर देतोय ते गायब. आपल्याकडे जुगलबंदीतल्या एकाच कलाकाराचं रेकॉर्डिंग ठेवलं तर कसं वाटेल, तसं.

याउलट जेरी न्यूमन नावाचा एक कॉलेजातला मुलगा १९४१ मध्ये डिस्क कापायचं यंत्र घेऊन न्यूयॉर्कच्या हार्लेममधल्या मिंटन्स प्लेहाऊस क्लबमध्ये जायचा. तिथे चार्ली ख्रिश्चन जॅमला गिटार वाजवायचा, तो पुढच्याच वर्षी २५ व्या वर्षी क्षयाने गेला. स्टुडिओत त्याला जे करायला मिळालं नाही, मनसोक्त लांबलचक सोलो, ते त्या मुलाच्या तबकड्यांवर आहे.

मुंबईचं बघा ना. चिक चॉकलेट, म्हणजे मूळचे गोव्याचे आंतोनियो झेवियर वाझ, सी. रामचंद्रांच्या गाण्यांत ज्यांचा ट्रम्पेट वाजतो ते, चाळीसच्या दशकात ताजमध्ये बँड घेऊन वाजवायचे. त्यांच्या ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्या आहेत, पण एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. मध्यरात्रीनंतर गिऱ्हाईक पांगल्यावर ते आणि त्यांची गोव्याची मंडळी काय वाजवत असतील ते ऐकायला आता कुठे जायचं?

आमच्या घरी वडिलांनी खासगी मैफिलींच्या टेप जमवल्या होत्या, कॉपीची कॉपी, त्याचीही कॉपी. अर्ध्यांवर नुसतं "यमन, छान" असं लिहिलंय. गायक कोण, गाव कुठलं, तबल्यावर कोण, काही नाही. तेव्हा प्रत्येक फाईलच्या नावात तारीख, जागा आणि वाजवणाऱ्या सगळ्यांची नावं त्याच रात्री घाला. उद्या घालू म्हटलं की ते "यमन, छान" होतं.

ब्रशवाला:

मी मुंबईत ड्रम्स वाजवतो, त्यामुळे जरा दुसऱ्या बाजूने. काकू, तुमचा मुद्दा पटतो, पण न्यूमनच्या तबकड्या लगेच दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाने ऐकल्या नव्हत्या. जॅमला आम्ही येतो ते चुकायला येतो. घरी जे जमलं नाही ते तिथे करून बघतो, कधीकधी तोंडावर आपटतो. कोपऱ्यात लाल दिवा लागलाय हे कळलं की हात आपोआप नेहमीच्या सेफ गोष्टींकडे जातो, मग तू रेकॉर्ड करायला आलास तेच होत नाही. मागे एका हॉटेलने आमचा जॅम न विचारता रेकॉर्ड केला आणि त्यातला तुकडा ब्रंचच्या जाहिरातीला लावला, नेमका ज्यात मी ताल सोडला होता तोच. अजून मित्र पाठवतात मला तो.

कायद्याचं बोलायचं तर आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ३८ खाली वाजवणाऱ्याचा स्वतःचा हक्क आहे, ५० वर्षांचा. फक्त स्वतःच्या ऐकण्यासाठी रेकॉर्ड केलंस तर कलम ३९ मध्ये सूट आहे, पण लोकांसमोर टाकायचं म्हटलं की वाजवणाऱ्या प्रत्येकाची परवानगी, नुसती कॅफेच्या मालकाची नाही. आणि गाणं कुणाचं तेही बघ. सोलो आमचा असला तरी चाल थेलोनियस मंक ह्या जॅझ पियानोवादकाची असेल तर रचनाकार गेल्यावर ६० वर्षं हक्क असतो, मंक १९८२ ला गेला, कर हिशोब. यूट्यूबवर त्यावर क्लेम येऊ शकतो. स्वतःच्या चाली वाजवतात ती गाणी सगळ्यात बिनधास्त.

माझं म्हणणं, आधी सगळ्यांना फाईल दे, दोन आठवडे थांब, एकानेही नको म्हटलं तर ते गाणं टाकू नकोस आणि का म्हणून विचारूही नकोस.

केबल_गुंडाळणारा:

+१. टाकायचंच असेल तर आर्काइव्ह डॉट ऑर्गवर बघ, तिथे फ्लॅक फाईल (दर्जा न घटवता लहान केलेली ऑडिओ फाईल) तशीच्या तशी राहते आणि कुणालाही फुकट उतरवता येते. तिथलं लाईव्ह म्युझिकचं दालन २००२ पासून चालू आहे आणि तेही ज्या बँडनी परवानगी दिली त्यांचंच ठेवतात. यूट्यूब गावभर दाखवायला ठीक, जपून ठेवायला नाही.

रविवारचा_श्रोता:

मंडळी, अपडेट. रेकॉर्डर घेतला (भावाच्या मित्राकडून सेकंडहँड), काल पहिला प्रयोग. सुरुवात होण्याआधी सगळ्यांना विचारलं, सॅक्सवाला म्हणाला कर पण मला दिसणार नाही असं ठेव, म्हणून स्टँड खांबाच्या आडोशाला उभा केला. बास आलाय!! बोटं तारेवर घासतात तेसुद्धा. कॅफेच्या मिक्सरमध्ये मँगो मिल्कशेक फिरतो तोही आलाय, दोनदा, दुसऱ्यांदा ड्रमरने त्याच्यावरच रोल वाजवला आणि सगळे हसले. तो भाग मी काही काढणार नाही.

बासवाल्याला जुन्या रेकॉर्डिंगबद्दल सांगितलं, तुमचा तो सोलो गार्लिक ब्रेडखाली गेला म्हणून. तर म्हणाला कुठला सोलो? त्याला आठवतच नाही. सॅक्सवाल्याला आठवत होतं, म्हणाला माझी रीड (सॅक्सच्या तोंडाची पातळ पट्टी) फाटली होती म्हणून थांबलो.

काल वाजवलेल्या सात गाण्यांची नावं आणि कोण कुठे बसला होता ते रात्रीच लिहून ठेवलंय काकू. आता फक्त एक, फ्लॅक फाईल व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ऑडिओ म्हणून जाईना, काय करू?

ब्रशवाला:

डॉक्युमेंट म्हणून पाठव. आणि मिल्कशेकवाला रोल मलाही पाठव, त्या ड्रमरला विचारून.