मदत हवी आहे : परवा रेड कार्पेटवर उभे राहायचे आहे, दीड मिनिटात काय विचारावे?

केतकी_इर्विन (मंगळवार, २२ एप्रिल २०२५)

नमस्कार. परवा गुरुवारी मला रेड कार्पेटवर पत्रकारांच्या रांगेत उभे राहायचे आहे आणि माझी तयारी झालेली नाही, म्हणून ज्यांना अनुभव आहे त्यांनी कृपया आजच उत्तर द्यावे. एक पाहुणा समोर फार तर दीड मिनिट थांबेल असे कळले आहे. तेवढ्यात काय विचारावे, आणि ज्यांना मी केवळ चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या चित्रपटांत पाहिले आहे त्यांना आज प्रत्यक्षात ओळखावे कसे, एवढेच मला हवे आहे. ‘इथे येऊन कसे वाटते आहे’ हा प्रश्न मला विचारायचा नाही.

सदाशिवपेठकर

केतकीताई, महोत्सव कोणता, शहर कोणते, उद्घाटनाचा चित्रपट कोणता, आणि आपण छायाचित्रे काढणार आहात, चित्रीकरण करणार आहात की नुसते लिहिणार आहात, यांपैकी काहीच आपण सांगितलेले नाही. त्याशिवाय उत्तर देणे म्हणजे अंधारात बाण मारणे होईल.

वसुधा_डोंबिवली

आपण पैठणी नेसून जावे असे मी आग्रहाने सुचवते. काळ्या कपड्यांच्या गर्दीत काठापदराची साडी लांबून दिसते, पाहुणे स्वतःहून थांबतात आणि संभाषणाला आपोआप सुरुवात होते. माझ्या भाचीला लंडनच्या एका समारंभात हाच अनुभव आला होता.

बर्बँककर

वसुधाताई, आपला हेतू चांगला आहे, पण हा सल्ला कामाच्या दृष्टीने योग्य नाही. पत्रकारांच्या रांगेत दोन-तीन तास एकाच जागी, खांद्याला खांदा लावून उभे राहावे लागते आणि कठड्यावरून वाकून मायक्रोफोन पुढे धरावा लागतो. गडद रंगाचे साधे कपडे आणि सपाट तळव्यांचे बूट घालावेत.

केतकी_इर्विन

कपड्यांचा प्रश्न मी विचारलेला नव्हता. महोत्सव हॉलिवूडचा टीसीएम क्लासिक फिल्म फेस्टिव्हल आहे, म्हणजे जुने चित्रपट दाखवणाऱ्या टर्नर क्लासिक मूव्हीज या अमेरिकी वाहिनीचा. एप्रिलमध्ये दुसरा कोणता असणार, असे वाटल्याने लिहायचे राहिले. उद्घाटनाला ‘स्टार वॉर्स’ मालिकेतला ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’ आहे आणि मालिकेचे जनक जॉर्ज ल्यूकस येणार आहेत. आमच्या मंडळाच्या श्राव्य कार्यक्रमासाठी मी फक्त आवाज मुद्रित करणार आहे, तोही फोनवर.

बर्बँककर

आता नीट सांगता येईल. मी काही वर्षे ध्वनिसहायक म्हणून अशा रांगांमध्ये उभा राहिलो आहे. बहुतेक ठिकाणी आधी छायाचित्रकार, मग मोठ्या वाहिन्यांचे कॅमेरे आणि सर्वांत शेवटी नभोवाणी, छापील व आंतरजालावरची माध्यमे अशी रचना असते. आपली जागा जमिनीवर किंवा कठड्यावर चिकटवलेल्या कागदावर लिहिलेली असते आणि ती बदलून मिळत नाही. म्हणजे पाहुणा आपल्यापर्यंत येईल तेव्हा त्याने तेच उत्तर दहा वेळा दिलेले असेल, तो थकलेला असेल आणि त्याच्यासोबतची प्रसिद्धी अधिकारी घड्याळाकडे बघत असेल, कारण आत चित्रपट वेळेवर सुरू व्हायचा असतो. दीड मिनिट गृहीत धरू नका. चाळीस सेकंद धरा आणि एकच प्रश्न तयार ठेवा.

ओळखण्याविषयी : अपेक्षित पाहुण्यांची यादी बहुधा आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी ईमेलने येते. ती आली की प्रत्येकाचे गेल्या वर्षभरातले छायाचित्र शोधून, नावासह कागदावर छापून घ्या. तरुणपणीचे छायाचित्र उपयोगाचे नाही. तरीही शंका राहिली तर पाहुण्याच्या पुढे चालणाऱ्या सहायकाला हळूच विचारावे. त्या सहायकाच्या हातात बहुतेक वेळा नावाचा कागदच असतो.

ध्वनिवेडा

फोनचा अंगभूत मायक्रोफोन वापरू नये, ही कळकळीची विनंती. मी एका समारंभात तो वापरला आणि घरी येऊन ऐकले, तर एका ज्येष्ठ संकलकाच्या उत्तरावर शेजारच्या वाहिनीच्या निवेदिकेचा आवाज पूर्णपणे चढलेला होता. ते उत्तर मला पुन्हा कधीच मिळाले नाही. हातात धरायचा डायनॅमिक (मुख्यतः जवळचा आवाज टिपणारा) मायक्रोफोन घ्या, त्यावर स्पंजाचे आवरण चढवा, तोंडापासून वीतभर अंतराच्या आतच धरा आणि ध्वनिपातळी थोडी कमी ठेवा, कारण जवळच कोणी ओरडले की आवाज फाटतो. प्रत्येक पाहुण्याला आधी स्वतःचे नाव उच्चारायला सांगा, म्हणजे संकलन करताना घोटाळा होत नाही.

जुनापडदा

शेवटच्या सूचनेशी मी अजिबात सहमत नाही. साठ वर्षे पडद्यावर किंवा पडद्यामागे काम केलेल्या माणसाला ‘आपले नाव सांगा’ म्हणणे हा अवमान आहे, मग कारण कितीही तांत्रिक असो.

ध्वनिवेडा

वृत्तसंस्थांमध्ये ही रूढ पद्धत आहे आणि कोणीही त्याचा राग मानत नाही.

बर्बँककर

दोघांचेही म्हणणे राखता येते. पाहुणा दोन पावलांवर असताना केतकीताईंनी स्वतःच मायक्रोफोनमध्ये त्याचे नाव आणि वेळ उच्चारावी. मुद्रणात नोंद राहते आणि समोरच्याला काही विचारावे लागत नाही.

जुनापडदा

हे मान्य. आता मूळ प्रश्नाकडे येतो, कारण प्रश्नांविषयी कोणीच बोललेले नाही. अभिजात चित्रपटांच्या महोत्सवातला रेड कार्पेट नव्या चित्रपटाच्या प्रसिद्धीपेक्षा वेगळा असतो, कारण तिथे येणारी काही माणसे ऐंशी-नव्वदीची असतात आणि त्यांना जे आठवते ते पुढच्या वर्षी कोणी सांगू शकेलच असे नाही. म्हणून प्रश्न लहान हवा आणि कामाच्या एखाद्या नेमक्या तपशिलाला हात घालणारा हवा.

उदाहरणार्थ ली ब्रॅकेट. ‘एम्पायर’च्या पटकथेचा पहिला मसुदा त्यांनी लिहिला आणि तो पूर्ण करून थोड्याच काळात, मार्च १९७८ मध्ये त्यांचे निधन झाले, पुढचे काम पटकथाकार लॉरेन्स कॅस्डन यांनी केले आणि श्रेयनामावलीत दोघांचीही नावे आहेत. याच ब्रॅकेटबाई ‘द बिग स्लीप’ (१९४६) आणि ‘रिओ ब्राव्हो’ (१९५९) यांच्या सहलेखिका होत्या, आणि २०२३ मध्ये याच महोत्सवाचे उद्घाटन ‘रिओ ब्राव्हो’ने झाले होते. ल्यूकस आपल्यासमोर थांबले तर ‘ब्रॅकेट यांच्याशी झालेल्या चर्चेतले काय आठवते’ एवढेच विचारावे. रांगेतल्या दुसऱ्या कोणी ते विचारण्याची शक्यता फार कमी आहे.

विशेष दृश्यांवर (स्पेशल इफेक्ट्सवर) काम केलेले कोणी भेटले तर व्हिस्टाव्हिजनविषयी विचारा. चित्रीकरणाच्या या पद्धतीत फिल्म कॅमेऱ्यातून आडवी धावते आणि एका चौकटीला फिल्मच्या कडेच्या आठ छिद्रांइतकी, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त जागा मिळते. पॅरामाउंटने १९५४ मध्ये आणलेली ही पद्धत कथाचित्रपटांसाठी मागे पडल्यावर ल्यूकस यांच्या मंडळींनी तिचे जुने कॅमेरे पुन्हा वापरात आणले, कारण अनेक थरांची दृश्ये एकावर एक जुळवताना मोठ्या निगेटिव्हमुळे चित्राचा दर्जा कमी घसरतो. ज्याने असा कॅमेरा हाताळला आहे तो माणूस त्याविषयी विचारल्यावर घाईत असला तरी थबकतो, असा माझा विश्वास आहे.

आणि कोणाविषयी काहीच माहीत नसेल तर पायाखालच्या जागेविषयी विचारावे. रेड कार्पेट ज्याच्या दारात असेल ते ग्रॉमन यांचे चायनीज थिएटर १८ मे १९२७ रोजी उघडले. याच मालिकेचा पहिला चित्रपट मे १९७७ मध्ये तिथे लागला आणि त्याच ऑगस्टमध्ये त्यातल्या दोन यंत्रमानवांचे व डार्थ व्हेडरचे ठसे प्रांगणातल्या सिमेंटमध्ये उमटवले गेले. ‘या चित्रगृहात आपण सर्वप्रथम काय पाहिले’ हा प्रश्न नटापासून संकलकापर्यंत सर्वांना चालतो.

सदाशिवपेठकर

हे सर्व वाचून एक खंत मांडावीशी वाटते. पुण्यात १९६४ पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे, पी. के. नायर यांनी तिथे आयुष्य वेचले, तरी फाळके यांच्या ‘राजा हरिश्चंद्र’चा काही भागच आज आपल्याकडे उरला आहे. जुन्या चित्रपटासाठी रेड कार्पेट अंथरला जाईल असा दिवस आपल्या चित्रपटांना कधी येणार?

वसुधा_डोंबिवली

तो आलेला आहे. मे २०२४ मध्ये श्याम बेनेगल यांच्या ‘मंथन’ची पुनरुज्जीवित प्रत फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या अभिजात विभागात दाखवली गेली. नसीरुद्दीन शाह गेले होते आणि स्मिता पाटील यांच्या वतीने त्यांचे चिरंजीव प्रतीक तिथे होते. केतकीताई, यावरून एक सुचते. जिथे कलावंत हयात नाही तिथे मुले येतात, आणि त्यांना चित्रपटापेक्षा घरातले विचारावे : आई संवाद कुठे बसून पाठ करायची, पटकथेच्या वह्या कोणी जपून ठेवल्या. पैठणीचा आग्रह मी मागे घेते.

केतकी_इर्विन (बुधवार, २३ एप्रिल २०२५)

यादी आली. अर्धी नावे मला माहीत नव्हती, पण आता प्रत्येकाचे अलीकडचे छायाचित्र छापून झाले आहे. ल्यूकस यांच्यासाठी ब्रॅकेट यांचा प्रश्न इंग्रजीत लिहून मोठ्याने वाचून पाहिला. पार्श्वभूमीसह सतरा सेकंद लागत होते, म्हणून पार्श्वभूमी काढून टाकली आणि तो सहा सेकंदांवर आला. पाहुण्यांची मुले भेटली तर वसुधाताईंचा वह्यांचा प्रश्न विचारेन आणि बाकी सर्वांना चित्रगृहाचा. एका मैत्रिणीकडून डायनॅमिक मायक्रोफोन मिळतो आहे, तो फोनला जोडता येईल ना? मला आज रात्रीच ठरवावे लागेल.

ध्वनिवेडा

फोन कोणता, हे आपण अजूनही सांगितलेले नाही. आयफोन १५ किंवा त्यानंतरचा असेल तर यूएसबी-सीचे छिद्र असते, आधीच्यांना लाइटनिंग. शिवाय मायक्रोफोनला तीन पिनांचे एक्सएलआर टोक असेल तर नुसती तार पुरणार नाही, मध्ये छोटा ऑडिओ इंटरफेस (मायक्रोफोनचा आवाज फोनला घेता येईल अशा रूपात बदलणारे उपकरण) लागेल. दोन्ही टोकांची छायाचित्रे इथे टाका, मी जागा आहे.