महालातलं जुनं घर पाडायचं नाही, राहतं करायचंय. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

नागपूरला महाल या जुन्या वस्तीत आमच्या आजोबांनी घेतलेलं जुनं घर आहे. रुंदी २४ फूट, खोली ८० फूट. समोर सपरी (ओसरी), मग आंगण, त्याच्या एका अंगाला खोल्या, मागे स्वयंपाकघर, न्हाणी आणि विहीर. पुढच्या भागाच्या भिंती दोन फूट जाड, विटा-चुन्याच्या. त्यावर सागवानी कडीपाट (तुळया आणि फळ्यांचं छत) आणि माडी. मागच्या दोन खोल्यांच्या भिंती मातीच्या, वर कवेलू (मातीची कौलं). आजी गेल्यापासून चार वर्षं कुलूप आहे. आता आईबाबांना तिथंच परतायचंय. मी आणि धाकट्या भावानं काम हाती घ्यायचं ठरवलंय. खाली ते दोघं राहतील, आणि समोरच्या माडीवर स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी २५ जणांची अभ्यासिका काढू, म्हणजे घराचा खर्च घरातून निघेल.

तीन ठेकेदार पाहून गेले. दोघं म्हणाले, पाडा. तिसरे म्हणाले, पाडू नका, पण मागचे कवेलू उतरवून स्लॅब टाका. निघालेलं सागवान मी नेतो, त्याचे पैसे बिलातून वजा करतो, असंही तेच म्हणाले. किती वजा करणार, ते काही बोलले नाहीत.

मातीच्या भिंतींवर स्लॅबचं वजन टाकणं मला पटत नाही. शिवाय मे महिन्यात इथे पारा ४५ च्या वर जातो. आमच्या भाड्याच्या फ्लॅटचा स्लॅब मध्यरात्रीपर्यंत धग सोडत राहतो. त्याच मे महिन्यात या घराचं कुलूप काढून दुपारी दोन वाजता मागच्या खोलीत आई तासभर बसली होती, पंख्याशिवाय. ते गमावून काय मिळवणार? पण कवेलू ठेवायचे तर दर उन्हाळ्यात फेरावे (काढून पुन्हा नीट बसवावे) लागतात, आणि फेरणारी माणसं आता शहरात सहज मिळत नाहीत. कवेलूंखाली फळ्या आणि पाणी अडवणारा थर घालून कोणी छत केलं असेल, तर पावसाळे कसे गेले ते सांगा.

सगळ्यात जास्त काळजी ओलीची आहे. वीसेक वर्षांपूर्वी कोणाच्या तरी सल्ल्यानं खालच्या चार फुटांना सिमेंटचं प्लास्टर केलं. चुन्याची भिंत जमिनीतली ओल ओढते आणि बाहेर सोडते. सिमेंटनं ती वाट बंद केली, म्हणून ओल वर चढली. आता चार फुटांपर्यंत प्लास्टर पोकळ वाजतं आणि त्याच्या वर लोणा लागलाय. हात फिरवला की पांढरी पूड येते. मागच्या डिसेंबरात देवघराच्या भिंतीवरचा दोन हात तुकडा आम्ही स्वतः खरवडून मोकळा ठेवला. एप्रिलपर्यंत तेवढीच जागा कोरडी झाली. त्यामुळे सगळं सिमेंट काढून चुन्याचा गिलावा करायचा, एवढं पक्कं आहे. चुना भिजवून, मुरवून काम करणारे गवंडी नागपूर, वर्धा किंवा भंडाऱ्याकडे कोणाच्या माहितीत आहेत का? फक्त वर रंग मारून देणारे नकोत.

आणखी एक. जमीन काळी, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात आकसणारी. पूर्वेच्या भिंतीला तिरकी चीर आहे, ती उन्हाळ्यात बोट जाईल इतकी उघडते आणि ऑगस्टपर्यंत जवळजवळ मिटते. चिरेच्या टोकांना तारखा लिहून ठेवल्यात, दोन ठिकाणी काचेच्या पट्ट्याही चिकटवल्यात, भिंत हलली की त्या तडकतात. वर्षभराच्या या नोंदी पाहून पाया कुठे धरायचा हे सांगेल असा, जुन्या बांधकामाचा अनुभव असलेला स्ट्रक्चरल इंजिनिअर हवाय. ती भिंत शेजाऱ्यांशी सामाईक आहे, म्हणून हात लावण्याआधी त्यांच्याशी काय लिहून घ्यावं?

कागदांचं थोडक्यात: आखीव पत्रिका (जागेच्या मालकीची सरकारी नोंद) अजून आजोबांच्या नावावर आहे. दोन्ही आत्या हक्कसोडपत्र नोंदवून द्यायला तयार आहेत. ते झाल्याशिवाय कर्जाचं बोलायचं नाही, असं ठरवलंय.

भर: काल दोन प्रश्न आले, त्यांची उत्तरं.

माडीवर अभ्यासिका पेलेल का? एका इंजिनिअर काकांनी सांगितलं की राहत्या खोलीपेक्षा वाचनाच्या खोलीला जास्त भार धरावा लागतो, पुस्तकांची कपाटं ठेवली तर आणखी. दोन तुळयांची टोकं भिंतीत वाळवीनं खाल्ली आहेत, टाचणी सहज आत जाते. म्हणून अभ्यासिका खाली आणि आमच्या खोल्या वर, असा बदल करतोय. पण मग आईच्या गुडघ्यांमुळे आईबाबा मागच्या मातीच्या खोल्यांत जाणार, म्हणजे आधी त्याच खोल्या पक्क्या करायला हव्यात.

गल्लीत ट्रक येतो का? नाही, हातगाडीच. वाळू आत आणि मलबा बाहेर, दोन्हीची मजुरी वेगळी धरायला सांगितलंय.

ज्यांनी महाल, इतवारी भागात राहत्या घराचा काही भाग अभ्यासिकेसाठी वापरायला महानगरपालिकेची परवानगी घेतली असेल, त्यांनी समोरच्या रस्त्याची रुंदी किती होती आणि ती आड आली का, एवढं नक्की लिहा. आमची गल्ली मोजून साडेचौदा फूट भरते. दिवाळीनंतर कवेलू उतरवायचेत, त्याआधी हे उत्तर हवंय.